इलेक्ट्रॉन उकळण्याची घरगुती कृती

ज्यांना चहा उकळता येतो त्यांना इलेक्ट्रॉनही उकळता येतात. चहा उतू गेला तर ओटा पुसावा लागतो. इलेक्ट्रॉन नको तिथून उतू गेले तर बिनाका गीतमालातलं पहिल्या नंबरचं गाणं नासतं. आमच्या घरी ते किती बुधवार नासलं याचा हिशेब आत्याकडे आहे. पण मार्गदर्शिकेची सुरुवात तक्रारीने करू नये, साहित्याने करावी.

साहित्य

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ एक. मल्टिमीटर एक. स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, मऊ ब्रश. लांब उभं राहून वेळ आलीच तर मेन स्विच पाडेल असा माणूस एक. हा माणूस शक्यतो रेडिओची मालकीण नसावी.

रेडिओ आमच्या वटार गावातच मिळायला हरकत नाही. इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर काय नसतं? रहाटाची उरलेली मडकी, तांब्याचा बंब, लग्नातल्या पत्रिकांचं पोतं, आणि या सगळ्याच्या मागे सागवानी पेटीतला रेडिओ. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने त्याची चेसिस खाल्लेली असेल, काटा फिरवणारी दोरी तुटलेली असेल, आणि एखाद्या व्हॉल्व्हच्या आडोशाला पालीने दोन अंडी घालून ठेवलेली असतील. अंडी हळूच बाजूला काढावीत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

माळ्यावर नसेल तर नालासोपाऱ्याहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरावं आणि लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. पाटी वाचावी, विचारताना लॅमिंग्टनच म्हणावं. 'ईएल ८४ व्हॉल्व्हचा रेडिओ आहे का?' असं विचारल्यावर दुकानदार आधी तुमच्या वयाकडे बघेल, मग केसांकडे, मग किंमत सांगेल. किंमत ऐकून परत माळ्यावर शोधायची इच्छा होते. तशी ती व्हावी.

पायरी पहिली: प्लग लावू नये

बहुतेक नवशिके या पायरीवरच चुकतात. जुन्या काही रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसायचा. एसी-डीसी सेट म्हणत त्यांना. त्यात वायरीचं एक टोक थेट चेसिसला जोडलेलं, म्हणजे प्लग उलटा बसला तर अख्ख्या पत्र्यात २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये आणखी वेगळी गंमत: प्लेटला अडीचशे व्होल्ट डीसी, आणि बंद केल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. जुने मेकॅनिक चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचे, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडत नाही. नियम चांगला आहे. फक्त लुंगी नेसून हे काम करू नये. लुंगीला खिसा नसतो.

पायरी दुसरी: व्हॉल्व्हकडे नीट बघावं

रेडिओची मागची पुठ्ठ्याची फळी काढली की चार-पाच काचेच्या कुप्या उभ्या दिसतात. एक हळूच हलवून, ओढून, उजेडात धरावी. वरच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. हा बेरियमचा लेप, कुपीत चुकून राहिलेल्या हवेचे रेणू गिळायला ठेवलेला. तो चंदेरी असेल तर कुपी जिवंत. दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला कुठेतरी तडा गेलाय, हवा आत शिरलीय, आणि तुमच्या हातात आहे ती फुलदाणी. फुलदाणी म्हणूनही ती लहान पडते.

आता आत बघावं. बाहेरून काळपट पत्र्याची नळी दिसते, ती प्लेट. तिच्या पोटात तारेची गुंडाळी, ती ग्रिड, म्हणजे जाळी. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने १९०६ साली पहिल्यांदा फ्लेमिंगच्या दोन टोकांच्या व्हॉल्व्हमध्ये तिसरं टोक घातलं, ते नागमोडी वळवलेल्या तारेचं होतं. मासे भाजायच्या जाळीसारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं ग्रिड. ज्याने नाव ठेवलं त्याला पुढचं ठाऊक नसावं. ही जाळी खरोखरच भाजून निघते, आणि आपली अर्धी मार्गदर्शिका त्या भाजण्याबद्दल आहे.

जाळीच्याही आत, अगदी मधोमध, पांढरा लेप दिलेली बारीक नळी उभी असते. ती कॅथोड. इलेक्ट्रॉन इथून निघतात.

पायरी तिसरी: पानाला चुना लावावा

घरगुती कृतीत कॅथोड घरी करता येत नाही हे मान्य करून टाकावं. पण तो कसा होतो हे वटारच्या माणसाला समजायला सोपं आहे, कारण दोन्ही वस्तू इथे शेजारीशेजारी आहेत: पानवेलीचं पान आणि शिंपल्याचा चुना.

पान म्हणजे निकेलची नळी. तिच्यावर लावतात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांच्या कार्बोनेटचा पांढरा लेप. यातलं कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपला शिंपलाच. शिंपले भट्टीत भाजले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. कॅथोडचं हुबेहूब तेच, फक्त भट्टी काचेच्या आत. कुपीतली हवा पंपाने ओढत ओढत नळी आतून तापवतात, कार्बोनेटमधून वायू सुटतो, पंप तो वायूही ओढून नेतो आणि मागे ऑक्साइड राहतं. लेप आधीच ऑक्साइडचा का देत नाहीत? कारण कळीचा चुना उघडा ठेवून बघा. दमट हवेत तो फुगतो, भुगा होतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

भट्टी अजून थोडी चालू ठेवली की ऑक्साइडमधल्या थोड्या बेरियमचा ऑक्सिजन सुटतो आणि मोकळं बेरियम लेपात पसरतं. विडा रंगला असं म्हणायचं ते या क्षणाला. हा सगळा खटाटोप जर्मनीच्या आर्थर व्हेनेल्टने १९०४ साली सुरू करून दिला.

चुना जास्त झाला तर तोंड भाजतं. बेरियम जास्त झालं तर कोण भाजतं ते पुढे येतंय.

पायरी चौथी: आच द्यावी, आणि उंबरठा समजून घ्यावा

आता (लांबचा माणूस स्विचजवळ उभा आहे याची खात्री करून) प्लग लावावा. कॅथोडच्या नळीत हीटरची तार असते, तिला ६.३ व्होल्ट मिळतात. पंधरा-वीस सेकंदांत आत नारिंगी उजेड दिसू लागतो. रेडिओ लगेच बोलत नाही. नव्या पिढीला हे जड जातं. आमच्या लहानपणी बटण फिरवून हात धुवायला जायचं, परत आलं की बाई बोलत असायची.

धातूमधले इलेक्ट्रॉन आत मोकळे हिंडतात, पण उंबरठा ओलांडून बाहेर पडत नाहीत. बाहेर पडायला प्रत्येकाला काही ऊर्जा लागते. पुस्तकं तिला वर्क फंक्शन म्हणतात. आपण उंबरठ्याची उंची म्हणू. शुद्ध टंगस्टनचा उंबरठा सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो ओलांडायला तार २२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते, डोळे दिपतील इतकी पांढरी. चुना लावलेल्या कॅथोडचा उंबरठा एक ते दीड. त्याला आठशे अंशांच्या आतबाहेर पुरतं, विझत आलेल्या निखाऱ्याइतकं.

आता मधली गोम. सगळे इलेक्ट्रॉन सारख्या जोराचे नसतात. ओलं धोतर दोरीवर वाळतं तेव्हा पाणी कुठे उकळत असतं? त्यातले थोडे जास्त उसळणारे कण निसटतात. इथेही तसंच, अंगात जास्त ऊर्जा असलेले तेवढे निसटतात, आणि अशांची संख्या तापमानाबरोबर अफाट वेगाने वाढते. इंग्लंडच्या ओवेन रिचर्डसनने १९०१ मध्ये याचं सूत्र मांडलं आणि १९२८ सालचं भौतिकीचं नोबेल त्याला त्यावरच मिळालं. सूत्राचा व्यवहारी अर्थ असा की असल्या कॅथोडचं तापमान दहा टक्क्यांनी उतरलं तर त्यातून निघू शकणारे इलेक्ट्रॉन दहा टक्क्यांनी कमी होत नाहीत, पाच-सात पटींनी कमी होतात. उंबरठा थोडा खाली आणला तरी उलट दिशेला हीच गंमत. म्हणून तर चुना.

ईएल ८४ नावाच्या साध्या आउटपुट व्हॉल्व्हमधून ४८ मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे दर सेकंदाला तीस कोटी अब्ज इलेक्ट्रॉन. हे अक्षरांत लिहिलं कारण शून्यं मोजताना माझीच चूक होते.

मग संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी रेडिओ लगेच का मरत नाही? कारण कॅथोडच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनांची गर्दी जमलेली असते. सकाळी आठ वाजता नालासोपाऱ्याचा फलाट आठवा. गाडी नेते तितकीच माणसं नेते. फलाटावर हजार उभे आहेत की दीड हजार, याने गाडीतल्या माणसांची संख्या बदलत नाही. व्हॉल्व्हमध्ये गाडी म्हणजे प्लेटचं व्होल्टेज. कॅथोड म्हातारा झाला, फलाटावरची गर्दी विरळ होत गेली, तरी बरीच वर्षं पत्ता लागत नाही. मग एक दिवस गाडी रिकामी जाऊ लागते. मेकॅनिक याला 'इमिशन गेलं' म्हणतात. माणसाबद्दलही म्हणतात.

पायरी चौथी (पुन्हा): रोज लावावा

कॅथोड वापरून झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो बसून बसूनही बिघडतो. हीटर चालू, पण प्लेटकडे करंट वाहू दिलेला नाही, असा व्हॉल्व्ह हजारो तास ठेवला तर निकेलमध्ये मिसळलेलं सिलिकॉन बेरियमशी संधान बांधतं आणि दोघांच्या मध्ये करंटला अडवणारा थर साचतो. सुरुवातीच्या कॉम्प्युटरवाल्यांना याने छळलं, कारण कॉम्प्युटरमधले अर्धे व्हॉल्व्ह कायम 'नाही' म्हणत गप्प बसलेले असतात. त्यांनी याला झोपेचा आजार असं नाव दिलं आणि त्यावर उपाय म्हणून सिलिकॉन जवळजवळ नसलेलं निकेल बनवून घेतलं.

हे परदेशातलंच दुखणं होतं असं समजू नका. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर १९६० साली चालू झाला. आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो बांधला. नाव मात्र नेहरूंनी १९६२ मध्ये ठेवलं. त्यात २७०० व्हॉल्व्ह होते. एका रेडिओत पाच धरले तर ५४० रेडिओ एका खोलीत. त्या काळी अख्ख्या वटारमध्ये मिळून इतके रेडिओ नसतील असं आत्या म्हणते, आणि ती नेमकी कोणाकडे होते तेही सांगते. आता तुमच्या फोनमध्ये त्याहून किती मोठी यंत्रणा आहे वगैरे मी लिहिणार नाही. ते सगळेच लिहितात.

पायरी पाचवी: कुंपण घालावं

आतापर्यंत आपण इलेक्ट्रॉन उकळले. ते प्लेटकडे धावताहेत. मधली जाळी त्यांना आवर घालते. कॅथोडच्या तुलनेत तिला थोडं ऋण व्होल्टेज दिलेलं असतं, ईएल ८४ मध्ये सात-सव्वासात व्होल्ट. ऋण ऋणाला ढकलतं, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्यावर बसत नाहीत, फटींतून निसटतात. गाण्याच्या लहरीप्रमाणे हे व्होल्टेज कमीजास्त झालं की निसटणाऱ्यांची संख्या कमीजास्त होते, आणि छोटा आवाज मोठा होतो. जाळी स्वतः काही खात नाही, काही देत नाही. वाडीला कुंपण असावं तशी. गुरांना अडवायचं, फाटक किलकिलं ठेवायचं, एवढंच तिचं काम.

या कुंपणाची जागा वाईट आहे. एका बाजूला आठशे अंशांवर निखारलेला कॅथोड, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ. दुसऱ्या बाजूला तापलेली प्लेट. जाळीला स्वतःचा हीटर नाही, पण शेजाऱ्यांच्या आचेने ती भाजते. नुसती भाजली असती तरी चाललं असतं. जाळीची तार मॉलिब्डेनमसारख्या धातूची, तिचा उंबरठा उंच, त्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुटण्याची भीती नाही. पण कॅथोडवरचं मोकळं बेरियम थोडं थोडं वाफ होऊन उडत असतं, आणि ते जाऊन बसतं जाळीवर.

म्हणजे कुंपणालाही चुना लागला. उंबरठा खाली आला. कुंपण तापलेलं आहेच. आता ते स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतं.

कुंपणच शेत खातं ही म्हण ज्याने केली त्याने व्हॉल्व्ह पाहिला नव्हता, पण इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

पायरी सहावी: गाणं नासावं

इथे आमच्या घरची गोष्ट सांगावीच लागते. सत्तरच्या दशकातली. रेडिओ पुढच्या खोलीत भिंतीतल्या फळीवर असायचा. त्यावर आत्याने क्रोशाचं कव्हर विणून घातलं होतं, पांढऱ्या दोऱ्याचं, कडेला द्राक्षांच्या घोसांची नक्षी. कव्हर मागून थेट फळीपर्यंत लोंबायचं. आजोबा संध्याकाळच्या मराठी बातम्यांना रेडिओ लावायचे तो बंदच व्हायचा नाही. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला. अमीन सयानी खालच्या पायदानापासून चढत चढत नऊच्या सुमाराला पहिल्या पायदानावर यायचे, आणि नेमकं तेव्हाच लताबाईंचा आवाज गेंगाणा व्हायचा. मग घोगरा. मग घुं घुं.

'तुमच्या सिलोनमध्येच काहीतरी आहे,' आजोबा म्हणायचे. बातम्या त्यांना कधीच घोगऱ्या ऐकू आल्या नव्हत्या.

एक मेकॅनिक सायकलवरून यायचे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. पहिल्यांदा ते सकाळी आले, रेडिओ लावला, तो खणखणीत वाजला. रोगी डॉक्टरांपुढे ठणठणीत असतो तसा. तरी त्यांनी एक कंडेन्सर बदलला, कारण आमच्या हवेत कागदी कंडेन्सर लीक होतातच आणि लक्षणं अगदी हीच असतात. पुढच्या बुधवारी गाणं पुन्हा नासलं. तिसऱ्या खेपेला आजीने त्यांना सांगितलं, 'बुधवारी रात्रीच या, जेवायलाच या.'

आले. जेवले. मागची फळी काढून, कव्हर वर सारून, मीटरच्या दोन पिना आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला आणि चेसिसला लावून पाटावर बसले. डावा हात खिशात. काटा सात व्होल्टच्या जरा पुढे. साडेआठला वाडीवरच्या पाण्याच्या मोटारी एकेक करून बंद झाल्या आणि खोलीतला पिवळा दिवा एकदम पांढरा झाला. व्होल्टेज चढलं. काका दिव्याकडे बघून हं म्हणाले. पावणेनऊला काटा आठवर होता. मग नऊ. लताबाई गेंगाण्या होऊ लागल्या.

काकांनी सेट बंद केला, चटकन कंडेन्सरचं एक टोक सोल्डर काढून मोकळं केलं, सेट पुन्हा चालू केला. आता गाणं येणार कुठून? घरात एकच कल्लोळ. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. काटा पुन्हा चढत होता. 'म्हणजे कंडेन्सर निर्दोष. मी उगाच बदलला.' मग त्यांनी वायरीच्या तुकड्याने ग्रिडची पिन चेसिसला टेकवली. काटा मुकाट सातवर आला. वायर काढली, चढला. टेकवली, उतरला. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. एखाद्या गोष्टीचं कारण सापडतं तेव्हा माणूस कसा दिसतो ते मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

त्या आठवड्याचं पहिल्या नंबरचं गाणं कोणतं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं.

काय होत होतं ते आता आकड्यांत. जाळी आणि चेसिस यांच्या मध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर असतो. तापलेली जाळी एक मायक्रोअँपिअर इतकेच इलेक्ट्रॉन सोडू लागली, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, तरी त्या रेझिस्टरवर एक व्होल्ट उभा राहतो आणि जाळी तितकी धन होते. सव्वासातातला एक व्होल्ट गेला. फाटक जास्त उघडलं. प्लेटचा करंट वाढला, व्हॉल्व्ह जास्त तापला, जाळी जास्त तापली, अजून इलेक्ट्रॉन सुटले, फाटक अजून उघडलं. आमच्या सेटमध्ये कॅथोडखालचा रेझिस्टर या चक्राला थोडा लगाम घालत होता, म्हणून गाणं नुसतं नासायचं. लगाम नसता तर प्लेट लाल झाली असती. ईएल ८४ च्या माहितीपत्रकातही म्हणूनच अट असते: असा लगाम असेल तर जाळीचा रेझिस्टर एक मेगओहमपर्यंत चालेल, नसेल तर तीन लाख ओहमच्या वर जायचं नाही. माहितीपत्रक 'का' ते सांगत नाही. ते काकांनी सांगितलं, पाटावर बसून, आजोबांना, आणि आजोबा म्हणाले, 'म्हणजे सिलोनचा दोष नाही.'

मग काकांनी मागे लोंबणाऱ्या द्राक्षांच्या घोसांना बोट लावलं.

'ताई, हे काय आहे?'

'कव्हर.'

'मागच्या फळीला ही भोकं कशाला ठेवलीत? हवा जायला. तुम्ही त्याचं नाक दाबलंय.'

'धूळ बसेल,' आत्या म्हणाली.

पायरी सातवी: उपाय

काकांनी एक मेगओहमच्या जागी त्याच्या निम्म्याचा रेझिस्टर घातला, म्हणजे जाळीने सोडलेल्या तितक्याच इलेक्ट्रॉनांनी निम्माच घोटाळा व्हावा. पुढच्या महिन्यात व्हॉल्व्हही नवा आला. कव्हर अर्धं दुमडून पुढच्या बाजूलाच राहिलं, आणि आत्या दोन आठवडे काकांना चहा देताना कपाला बशी देत नव्हती.

कारखान्यांचे उपाय जास्त खर्चिक. जाळीला दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे तांब्याचे करतात, म्हणजे उष्णता वाहून जाते. काही व्हॉल्व्हमध्ये त्या दांड्यांच्या टोकाला काळे पंखही लावतात. प्लेट काळी असते ती शोभेला नव्हे, काळा रंग उष्णता लवकर फेकतो म्हणून. आणि सगळ्यात शाही उपाय: जाळीच्या तारेला सोन्याचा मुलामा. बेरियम येऊन सोन्यावर बसलं की सोनं त्याला स्वतःत जिरवून टाकतं, वर पातळ थर साचू देत नाही, उंबरठा उंच राहतो. सुनेच्या अंगावरचं सोनं घराची अब्रू राखतं म्हणतात, तशातला प्रकार. भंगारवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी किती व्हॉल्व्ह फोडले असतील देव जाणे. सोनं निघतं नखभरही नाही.

(इलेक्ट्रॉन दुसऱ्याही एका रीतीने नको तिथून सुटतात. जोरात येऊन प्लेटवर आपटले की तिच्यातले दोन-चार उडवतात, जांभळाला दगड मारावा तसे. ते परत धावू नयेत म्हणून फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेनने १९२६ साली आणखी एक जाळी घालून पेंटोड केला. नवशिक्यांनी यात आत्ताच शिरू नये.)

निदान करताना एक ध्यानात ठेवावं. अंधारात व्हॉल्व्हच्या काचेवर आतून निळसर उजेड थरथरताना दिसला, गाण्याबरोबर हलताना दिसला, तर घाबरू नये. चुकार इलेक्ट्रॉन काचेवर आपटताहेत. जांभळट धुकं जाळी आणि प्लेट यांच्या मध्ये दिसलं तर मात्र आत वायू शिरलाय. वायू शिरला की जाळीतून असाच उलटा करंट वाहतो आणि गाणं असंच नासतं, पण तिथे कव्हर काढून काही होत नाही.

पायरी आठवी: थोरियम, म्हणजे गॅसबत्ती

रेडिओ स्टेशनच्या मोठ्या ट्रान्समीटरमध्ये चुन्याचा कॅथोड टिकत नाही. हजारो व्होल्टच्या माऱ्याने लेपाच्या खपल्या निघतात. तिथे टंगस्टनच्या तारेत थोडं थोरियम मिसळतात. तार तापली की थोरियमचे अणू पृष्ठभागावर येऊन एकाच अणूच्या जाडीचा थर धरतात, आणि साडेचारचा उंबरठा २.६ वर उतरतो. सतराशे अंशांच्या आसपास भागतं. म्हणजे आजोबांच्या बातम्या निघत होत्या थोरियमवरून आणि पोचत होत्या चुन्यावर.

थोरियम हे नाव ऐकून बिचकू नका. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांनी थोरियम पाहिलंय. बत्तीतलं जाळीचं मँटल पेटल्यावर राख होऊन पांढरं उजळतं ती राख थोरियम ऑक्साइडची. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीतून ते काढतात, आणि १९५५ पासून मुंबईजवळ तुर्भ्याच्या कारखान्यात थोरियम नायट्रेट होऊ लागलं ते आधी या बत्त्यांनाच लागायचं. अणुयुगाची आमच्या वाडीतली पहिली खूण म्हणजे बँडच्या पुढे चालणारी बत्ती, हे मी कितीतरी उशिरा शिकलो.

पायरी नववी: रेडिओ परत माळ्यावर ठेवावा

सगळं जमलं, इलेक्ट्रॉन हवे तिथून निघाले, नको तिथून थांबले, तर रेडिओतून आता खरखर ऐकू येईल. लहान लहरींवर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. बुधवार रात्री आठला फिरवला तरी तेच. तुमच्या दुरुस्तीत चूक नाही. मग प्लग काढावा, कंडेन्सर उतरू द्यावा, पुसून, पुठ्ठ्याची फळी लावून ठेवून द्यावा.

यावरून व्हॉल्व्ह संपले असं मात्र समजू नये. गेल्या दिवाळीत पुतण्याने घरी मायक्रोवेव्ह आणला. त्याच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाचा व्हॉल्व्हच असतो, आणि त्याच्या मधोमध थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची तार. तीन-साडेतीन व्होल्टवर तापते, चार हजार व्होल्ट इलेक्ट्रॉन ओढतात, आणि कालचा भात गरम होतो. (हा उघडायचा नाही. नवशिक्यांनी नाही, जाणत्यांनीही नाही. त्यातला कंडेन्सर माणूस मारतो, प्लग काढून ठेवला तरी.) याही तारेला इलेक्ट्रॉन परत येऊन बडवतात, तीही गरजेपेक्षा जास्त तापते. म्हणून मागे पंखा असतो आणि बाजूला हवेची भोकं ठेवलेली असतात.

परवा स्वयंपाकघरात गेलो तर मायक्रोवेव्हवर पांढऱ्या दोऱ्याचं कव्हर. कडेला द्राक्षांचे घोस, दोन्ही बाजूंनी ओट्यापर्यंत लोंबणारे.

'आत्या, ही भोकं हवा जायला असतात गं.'

ती चष्मा वर करून बघत राहिली.

'धूळ बसेल,' ती म्हणाली.